डावीकडच्या खिडकीखालचा दगड

मुलुंड, रविवार संध्याकाळ

आज बाबांशी खोटं बोलले.

गावचं लुथरन चर्च पाडून नवं बांधतायत, म्हणून पाळकांनी मला जुन्याचा इतिहास लिहायला सांगितलाय. पाडतायत हे बाबांना सांगितलेलंच नाही. कसं सांगू? अर्धं आयुष्य विसरलेत, पण तो दगड आठवतो. चर्च बांधताना उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाने नदीतून एक दगड आणायचा, अशी रीत होती. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांनी पोटाशी धरून आणलेला दगड डावीकडच्या खिडकीखाली बसवला. काळा, मधोमध पांढरी रेघ.

आज त्यांना इतिहास वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद गाळून.

"आणि माझा दगड गं?" दोन्ही हात पोटाशी नेऊन विचारलं.

"आहे ना बाबा, खिडकीखालीच."

"मग लिही की तसं!" हसले. किती दिवसांनी हसले.

पाळकांचे फोटो दुपारीच आले होते. ती भिंत पडलीय. मघापासून फोटो मोठा करकरून ढिगाऱ्यात पांढरी रेघ शोधतेय. पण भिंतीला इतक्या वर्षांचा चुना. सगळेच दगड पांढरे दिसतात.