पाचपैकी पाच

चंपतभाऊंले महिपतचा रामराम. तुमची कंबर कशी हाये? वयनींचा खोकला बसला का? रुख्मिणीले तुमच्याकडं बाजारहत्नूरले येऊन आज नऊ दिवस झाले. तुमच्या बहिणीनं माझ्याबद्दल जे सांगतलं असन ते सारं खरं हाये, तरी माझ्या तोंडूनही ऐका.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, माथ्यावर गच्ची, मावळतीले भिंत. (घेतानाच ती म्हणे, भिंत तापन. मी म्हटलं, तुले काय समजते!) आता दुपारी नळाले चहाचं पाणी येते. खिडकी उघडली की खालच्या मजल्यावरची मिरचीची फोडणी घरात, नाही उघडली तर आमीच शिजून राह्यलो. मागच्या महिन्यात कमिटीनं कागद फिरवला. गर्मी, हवा, आवाज, साऱ्याले पाचपैकी मार्क द्या, पाच म्हणजे काहीच तकलीफ नाही; ज्या ब्लॉकले तकलीफ जास्त, त्याच्या गच्चीले पहिले ऊन परतवणारा पांढरा रंग. कागद घेऊन भाग्यलक्ष्मी नावाची पोरगी आली, भर उन्हात चार जिने चढून (लिफ्ट बंद). रुख्मिणीनं तिले सरबत दिलं. आता सांगा भाऊ, आपल्या घरचं सरबत पिऊन राह्यलेल्या पाहुणीपुढं आपलं रडगाणं गावं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी साऱ्यात पाच दिले. लिफ्टलेही पाच! (पोरगी माझ्याकडं पाहतच राह्यली.) रुख्मिणी सैंपाकघरातून डोळे वटारत होती, मले वाटलं, साखर संपली.

वरच्या मजल्यावर आमी एकटेच, बाकी फ्लॅट रिकामे; गच्चीच्या तापाचे मार्क माझेच धरले. म्हणून रंग गेला समोरच्या ब्लॉकले, अन् आमच्या नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं: सर्वात समाधानी रहिवासी. ते वाचून तिनं पिशवी भरली. म्हणाली, पाच मार्काच्या घरात तुमीच राहा.

चुकलं भाऊ माझं. चाळीस वर्षांत तिनं मागून मागून काय मागतलं, तर निजायले एक गार कोपरा. तेवढ्यातही मी लोकांपुढं शान मारली. घर खायले उठते आता.

तुमचा
महिपत

ता. क. तिले समजावून पाठवा. कमिटीले मी खरा अर्ज दिला. ते म्हणतात, पुढचा कागद पुढच्या वर्षी.

ता. क. दुसरा. नका पाठवू. तुमच्या निंबाखाली तिची बाज हाये, तिच्या बाजूले आणखी एक मावते का, तिलेच इचारून कळवा. नाही म्हणाली तर नाहीच लिहा. माझं मन राखायले पाच मार्क देऊ नका.