चव्वेचाळिसावं पत्र

दि. ५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (एवढं तू शिकवलंस म्हणून लिहिलं, नाहीतर थेट गळ्यातच पडले असते.)

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं असं तूच म्हणतेस, तर आता लेखी घे. तुझी भाची कामाला लागली आहे, खऱ्या कामाला. तुझ्या जुन्या शेठांच्या खटल्यात कोर्टाने त्यांनी पाठवलेले खासगी ईमेल खुले केले, हे तू वाचलं असशीलच. अकराशे आहेत. बातमी विभागाच्या प्रमुख बाईंनी ते आम्हा चौघांना वाटून दिले. माझी आत्या तिथे एकोणीस वर्षं टायपिस्ट होती हे मी आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, लपवलं नाहीस ना, मग बस वाचायला.

काय माणसं गं ही! शेठांच्या उत्तरांखाली समोरच्यांची मूळ पत्रंही जोडलेली आहेत. एक मंत्री शेठांना विचारतोय, उद्याच्या भाषणात काय बोलू. एक संपादक लेख छापण्याआधी त्यांना दाखवतोय. ठेवींवरची तपासणी सैल करणारा तो कायदा आला तेव्हा तीन पेपरांनी एकाच रविवारी त्याची आरती ओवाळली, आणि तिन्ही लेखांत चार वाक्यं शब्दाला शब्द सारखी! बाबांच्या गॅरेजमधले फिटरकाका ते लेख वाचूनच शेठांच्या कंपनीतल्या आपल्या ठेवीबद्दल निर्धास्त राहिले होते. पुढे कंपनी बुडाली आणि त्यांच्या मुलीचं कॉलेज सुटलं. वाचताना ती मुलगी सारखी डोळ्यांसमोर येते.

आता गंमत ऐक. प्रत्येक ईमेलच्या तळाशी एक आकडा आहे. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, मशीनची काहीतरी खूण असेल. मी एकटीच हसत बसले. वाढदिवसाच्या पत्रावरसुद्धा जावक क्रमांक टाकणारी बाई जगात एकच आहे!

बाबा गॅरेजभर सांगत सुटलेत की पोरगी कोर्टाचे कागद वाचते. मुलाखतीत दोनच प्रश्न विचारून मला घेतलं, ही संपादकांची पारख, असं ते म्हणतात. मलाही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू?

लोभ आहेच, उत्तर टाकलंस तर तो दिसेलही.

तुझी
टकळी

&nbsp;

दि. ११ मार्च

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. घरातली पहिली पदवीधर, आणि अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर फेरी मारावी तसं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय याची तरी दया कर.

आकड्यांत काही गूढ नाही. कागद बाहेर पडला की नंबर, नंबर पडला की वहीत नोंद, हे आमच्या टायपिंगच्या मास्तरांनी हातात भिनवलं. शेठांना स्वतः टाइप करणं कमीपणाचं वाटे. ते बोलायचे, मी उतरवायची. कागद जाऊन ईमेल आले, तरी माझं बोट तळाशी जाऊन नंबर टाकायचंच. साहेब लोक हसायचे. हसेनात का, पगार माझ्या बोटांचा होता.

शेठ कसे होते ते आता कोर्ट ठरवेल. मला मात्र ते कधी उणंदुणं बोलले नाहीत. आई गेली तेव्हा आपल्या दोन खोल्यांत येऊन तासभर बसले होते. ज्या घरचं मीठ खाल्लं त्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळते, ते तू समजून घे.

पेपरात दुसरी कामं नाहीत का? खेळाचं पान चांगलं. तिथे निदान कोण जिंकलं ते तरी सरळ कळतं.

जेवण वेळेवर घे. तुझ्यावरचा लोभ मला वेगळा कळवावा लागत नाही.

तुझी
आत्या
जा. क्र. ४३

&nbsp;

दि. १५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि खेळाच्या पानाला दुरूनच नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि ताडकन उठून ऑफिसात गेले. शेवटच्या ईमेलवरचा आकडा १११४ आहे. ईमेल अकराशे. मग चौदा कुठे गेले? मी सगळे ओळीने लावले आणि भोकं मोजली. बरोब्बर चौदा! कंपनीच्या वकिलांनी कोर्टाला देताना गाळले असणार, पण तळाचा आकडा कशाचा हे त्या शहाण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पंचवीस वकील तुझ्या एका बोटापुढे आडवे झाले बघ.

आता वाईट बातमी. तशी चांगलीच म्हणायची. आमच्या संपादकांना गेलेला एकही ईमेल त्या ढिगात नाही. आणि रविवारच्या त्या तीन लेखांतला एक आमचाच आहे. लेखाच्या चारच दिवस आधी ९०६ नंबर गायब आहे. त्याच आठवड्यात माझी मुलाखत झाली होती, म्हणून तारखा तोंडपाठ आहेत.

प्रमुख बाई म्हणतात, भोकं दाखवून बातमी होत नाही, भोकात काय होतं ते हवं. आत्या, तुझी जावकवही कुठे आहे? ती ऑफिसातच राहिली असेल तर संपलं. पण माझं मन म्हणतंय, ती तुझ्या लोखंडी कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
टकळी

&nbsp;

दि. २४ मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद.

उशीर झाला. डोळ्यात थेंब घालायला शेजारच्या नर्सबाई येतात, त्या निम्मे थेंब गालावर घालतात. तुझे बाबा रविवारी येऊन नळ दुरुस्त करून गेले. आता तो गळत नाही, कारण त्यातून पाणीच येत नाही.

वही माझ्याकडे आहे. कॉम्प्युटर असताना वही कशाला, म्हणून ऑफिसने ती दिली नाही. मी स्वतः विकत आणली, तेव्हा ती माझी. कुणाला, कोणत्या तारखेला, कशाबद्दल, एका ओळीत सगळं आहे. पण जुनी वही उघडली की आपल्याला हवं तेवढंच बाहेर येतं असं नाही, बाळा. तू तरुण आहेस, नोकरी चांगली आहे. माणसाने खणावं, पण आपण कुठे उभे आहोत ते बघून खणावं.

एवढं ऐक. तुझ्या भल्याचंच सांगते.

तुझी
आत्या
जा. क्र. ४५

&nbsp;

दि. २८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधीच्या पत्रावर ४३. या पत्रावर ४५.

चव्वेचाळीस कुठे आहे?

बाबांना विचारलं. त्यांना तुझं पत्र नाही, आणि त्यांच्याखेरीज तू पत्र लिहितेस ती मलाच. तू ते लिहिलंस आणि पाठवलं नाहीस. वकिलांनी गाळले ते चौदा, तू गाळलंस ते एक. जे असेल ते पाठव. मी रडेन, पण वाचेन.

लोभ तसाच आहे. म्हणूनच विचारते.

टकळी

&nbsp;

दि. २ एप्रिल

चि. टकळीस,

मी शिकवलेली विद्या माझ्यावरच उलटली. सोबत जोडलं आहे. तुझ्या पहिल्या पगारातून आणलेली शाल अंगावर घेऊन हे पाकीट बंद करते आहे.

आत्या
जा. क्र. ४६

&nbsp;

(सोबत) दि. १८ मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद. तू ते घेशील की नाही, माहीत नाही.

९०६ मध्ये काय होतं ते मला वही न उघडता सांगता येईल. ते पत्र तुमच्या संपादकांना होतं. दोन परिच्छेद. पहिल्यात, कायद्याच्या बाजूने लेख रविवारी यावा, मुद्दे सोबत जोडले आहेत. दुसऱ्यात, आमच्या ऑफिसातल्या बाईंची भाची मुलाखतीला येते आहे, हुशार आहे, सामावून घ्यावी.

दुसरा परिच्छेद शेठांनी माझ्या सांगण्यावरून घातला. त्याआधी तुला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. तू जेवत नव्हतीस, बाबा तुला काही विचारायला घाबरायचे. मी शेठांना म्हटलं, एक शब्द टाका. ते म्हणाले, बाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंत. मला किती बरं वाटलं! पहिला परिच्छेदही मीच टाइप केला होता, पण त्या दिवशी मला फक्त दुसराच दिसत होता. फिटरची मुलगी तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. तू होतीस.

तुला दोनच प्रश्न का विचारले ते आता कळलं असेल. तू हुशार आहेसच. त्यांनी ते बघायची तसदी घेतली नाही, एवढंच.

वही हवी असेल तर कंपनी बुडाल्याची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीपुढे मी ती नेऊन देईन. पण ती गेली की हेही जाईल. ठरव तू.

आत्या
जा. क्र. ४४

&nbsp;

दि. १४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि हा अगदी वाकून.

दोन दिवस तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी स्वतःवर, कारण दोन प्रश्नांत माझी पारख झाली असं मी गावभर सांगत फिरले होते. चौथ्या दिवशी भूक लागली आणि डोकं चालायला लागलं.

तुझं पत्र मी प्रमुख बाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, हे बातमीत कुठे घालणार. मी म्हटलं, पहिल्या परिच्छेदात. मी फोनवर ‘दे’ म्हटल्यावर तू वही समितीला दिलीस, त्याच दुपारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खूप गोड बोलले. म्हणाले, त्या चौदांत तुझंही प्रकरण आहे, पोरी, तुझं नाव निघावं असं मला वाटत नाही, आपण दोघंही एकमेकांना सांभाळून घेऊ. मी मजकुराची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. पहिलंच वाक्य होतं: या बातमीच्या लेखिकेची नोकरी जावक क्रमांक ९०६ मुळे लागली आहे. त्यांनी ते वाचलं आणि पाण्याचा ग्लास उचलून तसाच खाली ठेवला. मला धरायला त्यांच्या हातात तेवढं एकच टोक होतं, आणि ते मी आधीच सोडून दिलं होतं.

त्यांनी बातमी तीन दिवस दाबली. मग समितीनेच वही जाहीर केली, पेपरच्या विश्वस्तांनी संपादकांना रजेवर पाठवलं, आणि बातमी पहिल्या पानावर आली. फिटरकाकांनी ती गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली आहे.  बाबांना मात्र पहिलं वाक्य लागलं. काल एवढंच म्हणाले, नोकरी लागली नसती तरी आम्ही टोचून बोललो नसतो गं. मग माझ्या स्कूटरचा ब्रेक न सांगता नीट करून दिला.

मी राजीनामा दिला आहे. प्रमुख बाई नको म्हणत होत्या, पण तीच जागा आता परीक्षा घेऊन भरणार आहेत आणि मी अर्ज केला आहे. अठ्ठावीस तारखेला लेखी परीक्षा, मग तोंडी. एकशे सहा उमेदवार. भीती वाटत नाही. या वेळी किती प्रश्न विचारतात ते मला मोजायचंय.

आता माझ्यावर जो काही लोभ करायचा तो परीक्षेपर्यंत मनातच कर.

तुझी
टकळी
जा. क्र. १

&nbsp;

दि. २० एप्रिल

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि नंबर टाकायला लागल्याबद्दल एक जास्तीचा.

काल समितीपुढे माझी साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, इतक्या जुन्या गोष्टी या वयात तुम्हाला कशा आठवतात. मी सांगितलं, आठवत नाहीत, म्हणून तर वही आहे. सगळे हसले, तोही हसला. मग मी आपणहून सांगितलं की ९०६ मधला दुसरा परिच्छेद माझा. वाटलं होतं जीभ अडखळेल. नाही अडखळली.

शेठ समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं, आणि तरी मी एकही ओळ मागे घेतली नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

परीक्षेला दोन पेनं ने. अक्षर जरा मोठं काढ. आणि एक गोष्ट निर्धास्त मनात ठेव. या वेळी मी तुझ्यासाठी कुणाकडेही शब्द टाकलेला नाही. माझी नवी वही बघ हवी तर. चव्वेचाळीसपासून पुढची सगळी पत्रं फक्त तुलाच गेली आहेत.

तुझी
आत्या
जा. क्र. ४७