शेततळ्यातलं शीड

९ एप्रिल, पाडवा. पहाटे ५.१०
खट्, खट्, खट्. गुरुजींची पट्टी टेबलावर पडते आहे आणि आम्ही एक्केचाळीस पोरं एका सुरात होडीची कविता म्हणतो आहोत. चौथीचा वर्ग, मारुतीच्या देवळात भरणारा. चौसष्ट वर्षं झाली, ठेका अजून कानात आहे. आज त्यानेच जाग आली. (ही म्हणते, तो मोटारीच्या स्टार्टरचा आवाज होता. असो.)
वर्गात होडी कुणीच पाहिलेली नव्हती. गुरुजींनीही नाही. तरी शीड मात्र सगळ्यांना दिसत होतं.
संकल्प: वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडाची होडी चालवणार. स्वतः सज्ज करून. घरातल्याच वस्तूंतून. एक मे रोजी, धरणाच्या पाण्यावर. बारामतीच्या हायस्कुलात छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, ती नुसती पूर्वतयारी होती असं आता वाटतं.
दोन ओळी सुचल्या.
वारा आला, शीड फुगे,
होडी माझी पुढे निघे.
तिसरी नाश्त्यानंतर.

११ एप्रिल
होडी आली. धरणाच्या फुगवट्यावरच्या एका मच्छीमाराने जुनी पत्र्याची होडी जवळजवळ फुकट दिली. तळाला तीन भोकं. देताना म्हणाला, मास्तर, हिच्यात कोंबड्या ठेवा, झ्याक बसत्याल. कवितेचा स्पर्श नसलेला माणूस.
टेम्पोतून उतरवताना प्रयागबाई (हिचं नाव रोजनिशीत एकदा तरी असावं) दारात उभी होती. म्हणाली, आता ह्यात काय, पेंड भिजवायची?
ज्ञानेश बागेतून आला. होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, तात्या, ही तळ्याकडं न्यायची न्हाय हां. आधीच सांगतो.
आमच्या शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद आहे. पोरगा त्याला जिवापाड जपतो. भोवती जाळी. कुत्रं आत शिरलं तरी हा अनवाणी पळत जातो. नख लागलं की कागद फाटला, कागद फाटला की पाणी गेलं, पाणी गेलं की बाग गेली, हे तो घोकून घेतो सगळ्यांकडून, पाढ्यासारखं. यंदा आमच्या विहिरीने तळ गाठलाय. डाळिंबं लिंबाएवढी झाली आहेत आणि जूनपर्यंत सगळी बाग त्या एका तळ्यावर.
मी म्हणालो, अरे, ही होडी धरणासाठी आहे. डबक्यात कोण उतरवतो?

१३ एप्रिल
सुधारणा पहिली: भोकं. एम-सील लावून वरून डांबर. डांबर तापवायला दुधाचं पातेलं घेतलं. पातेलं आता होडीच्या मालकीचं.
तिसरी ओळ नाही.

१६ एप्रिल
सुधारणा दुसरी: डोलकाठी. ठिबकचा जुना अडीच इंची पाईप. थोडा वाकतो. जगातल्या सगळ्या उत्तम डोलकाठ्या वाकत असणार. आत वेळू कोंबला.
काठी बसवायला इंदापूरहून झुंबर वेल्डर बोलावला. माझा जुना विद्यार्थी, नववीत दोनदा. विचारलं, मास्तर, ह्यो डिशचा खांब हाय का? शीड म्हणजे काय ते मी पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाला, ते समदं समाजलं, पर हॉर्सपॉवर किती?

२० एप्रिल
सुधारणा तिसरी आणि सर्वांत देखणी: शीड. कापड महाग. फाट्यावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स महिनाभर लोंबत होता, तो सोडवून आणला. कडा फाटलेल्या, मधला भाग धड. मधल्या भागात नेत्याचा चेहरा. त्याला माझा इलाज नाही. खाली शुभेच्छुक म्हणून सव्वीस नावं आहेत, खलाशी समजू.
सुनेच्या मशीनवर शिवलं. तीन सुया मोडल्या. सुप्रिया म्हणाली, तात्या, लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत माझे, मशीनला हात लावायच्या आधी इचारत जावा. नेहमी गोड बोलणारी मुलगी. उन्हाळा फार आहे.

२४ एप्रिल
कामांचा झपाटा. बसायला पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. दोन्ही अंगांना औषधाचे रिकामे कॅन, म्हणजे होडी कलंडणार नाही. सुकाणू म्हणून उलटं बांधलेलं फावडं. जहाजाला नांगर हवाच. गोठ्यातला टिकाव घेतला, त्याला गाईचं दावं बांधलं. वजनदार, टोकदार, उत्कृष्ट.
गाय दिवसभर मोकळी होती. हिच्या वाफ्यातली कोथिंबीर संपली. संध्याकाळी आमटी कोथिंबिरीशिवाय आणि संभाषणाशिवाय.

१ मे. दुपारी १२
महाराष्ट्र दिन. पहाटे टेम्पोने धरणाकडे निघालो. पोचलो तर धरण तिथे नव्हतं.
म्हणजे धरण होतं. पाणी मागे गेलं होतं. पुढे सगळा भेगाळलेला गाळ, त्यात म्हशी, आणि लांब एक चकाकती रेघ. एक म्हशीवाला म्हणाला, औंदा पाणी लई आत सरलंय आबा, पाऊण तास ढकलत न्यावी लागंल. टेम्पोवाला म्हणाला, मी न्हाय ढकलायचो.
परत आलो. तसाही वारा योग्य दिशेचा नव्हता.

५ मे
ज्ञानेश नऊ ते अकरा तारखेपर्यंत अभ्यासदौऱ्यावर जाणार, डाळिंबाचाच. ही नोंद केवळ माहितीसाठी.

७ मे
होडी मुळात तरंगते का, हे धरणात पाणी यायच्या आधी पाहणं शहाणपणाचं. कुठलंही स्थिर पाणी चालेल. एक सर्वसाधारण विचार.

८ मे
विचार सोडून दिला. पोराला शब्द दिला आहे. शब्दांचा माणूस आहे मी.

१० मे, आखिती (अक्षय तृतीया). सकाळी ११
ऐतिहासिक दिवस. थोडक्यात लिहितो.
साडेसहाला झुंबर आला. काळजी किती घ्यावी! तळ्याच्या कडेला हिची वाकळ चौपदरी अंथरून तिच्यावरून होडी अलगद उतरवली. चपला जाळीबाहेर काढल्या. कागदाला नख लागू नये म्हणून मी कालच पायाची नखं कापून ठेवली होती. ज्ञानेश असता तर त्याचे डोळे भरून आले असते.
होडी तरंगली! खुर्चीत बसलो. दोर ओढला. शीड वर गेलं. वारा आला आणि युवा नेत्याचे गाल फुगले. मी कविता सुरू केली, चौथीतल्या चालीवर, आणि होडी निघाली. झुंबर ओरडला, मास्तर, चालली की वो! बारा सेकंद. गुरुजी, बारा सेकंद!
तेराव्या सेकंदाला समोरचा काठ फार वेगाने येऊ लागला. फावडं डावीकडे वळवलं, होडी वळली नाही. अशा वेळी कप्तानाने डोकं शांत ठेवायचं असतं. मी नांगर टाकला.
नांगर पहिल्याच झटक्यात बसला. इतका उत्तम बसला की होडी जागच्या जागी गरकन फिरली, नेते पाण्यावर आडवे झाले आणि मी बाहेर पडलो. झुंबरने ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब टाकून ओढून घेतलं. हसत होता. नववीत दोन वर्षं काढलेल्या मुलाकडून वेगळी अपेक्षा नाही.
टिकाव निघेना. झुंबरने दावं कमरेला गुंडाळलं आणि मागे रेलून ओढलं, तेव्हा निघाला. निघताना खालून टर्र असं काहीतरी ऐकू आलं. पाण्याखालून आवाज नेहमीच वेगळे येतात.
ही जाळीपाशी कधीपासून उभी होती कोण जाणे. एवढंच म्हणाली, माझी वाकळ वाळत घाला.

१२ मे
ज्ञानेश आला. दौरा चांगला झाला म्हणे. तळ्यावर गेला आणि लगेच परतला. पाणी दीड वीत खाली आहे. मी त्याला बाष्पीभवन समजावून सांगितलं. तो म्हणाला, तात्या, बाष्पीभवन मलाबी ठावं हाय.
होडी गोठ्यामागे, कडब्याखाली. उन्हाने डांबर वितळू नये म्हणून.

१४ मे
आणखी दोन हात खाली. खेकड्यांबद्दल बोललो. खेकडे कागद कुरतडतात, सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानेश म्हणाला, पाणी न्हाय कुठं, खेकडं कुठनं येत्याल? मग पक्ष्यांबद्दल बोललो.
सत्य सांगायला हवं हे खरं. पण कुठलं सत्य? टिकाव पडला हे सत्य. कागद फाटला हा अंदाज. अंदाजावर पोराला दुःखी करणं बरं नाही.

१६ मे
बागेला आता एक दिवसाआड पाणी. खालच्या ऐंशी झाडांचं ठिबक बंद केलं. सकाळी तिकडून फिरून आलो. पानं मुडपलेली, फळं उन्हाने एका अंगाने भाजलेली. ज्ञानेश एकेका झाडाखाली बसत होता, उठत होता. मी उसाच्या बाजूने परतलो, तिकडे सावली असते.
जेवताना तो म्हणाला, कागदच खराब हाय. पाच वर्षांची गॅरंटी दिली होती, दुकानदाराला सोडत न्हाय आता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तात्या, तक्रार तुमी लिवा. तुमचं मराठी कडक हाय.
किती वर्षांनी पोराने माझं मराठी मागितलं!

१७ मे
तक्रार-अर्ज पूर्ण. दोन पानं. एक वाक्य विशेष साधलं आहे: ज्या कागदाच्या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपलो, त्याच कागदाने आमच्या उशाशी घात केला. घात या शब्दावर थोडा थांबलो होतो. ठेवला.
रात्री मोठ्याने वाचून दाखवला. सुप्रियाने डोळे पुसले. ज्ञानेश म्हणाला, तात्या, तोडच न्हाय. ही भाकऱ्या थापत होती. वर न बघता म्हणाली, खाली सही कोन करनार? केलंय त्यानंच करावी.
सही माझी आहे. म्हणजे लिहिलं मी, म्हणून.

१८ मे
दुकानदाराचा फोन. फार सभ्य गृहस्थ. म्हणाला, पाणी तळाला जाऊ द्या, मी स्वतः येऊन कागद बघतो. फाटला असंल तर कशानं फाटला ते लगेच दिसतंय.
लगेच दिसतंय.
निर्णय: उद्या, रविवारी, संध्याकाळच्या चहानंतर सगळं सांगणार. आरशासमोर तालीम केली. सुरुवात अशी: ज्ञानेश, माणसाच्या आयुष्यात एक शीड असतं. फार लांबते. दुसरी सुरुवात: ज्ञानेश, मी टिकाव टाकला. फार आखूड.

१९ मे. सकाळी
चहाची वेळ साडेपाच की सहा? सहा ठरवलं.

१९ मे. संध्याकाळी ७.४०
क्रमाने लिहितो.
सहाला सगळे ओसरीत होतो. ज्ञानेश अर्जाच्या झेरॉक्स पिनेने लावत होता, सुप्रिया काजं करत होती, ही चहा गाळत होती. मी घसा साफ केला. म्हणालो, ज्ञानेश. तो म्हणाला, हं. मी म्हणालो, माणसाच्या आयुष्यात...
आणि दारात कुणीतरी खाकरलं.
गेणबा. आमच्या तळ्याच्या खालच्या अंगाला त्याचं शेत. बांधावरून भांडण झालं त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या लग्नकार्याला आम्ही नाही, आमच्या मयताला तो नाही. समोरून आला की रस्ता बदलतो. तो गेणबा, धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा, उंबऱ्यापाशी उभा.
क्षणभर मला वाटलं, बारा सेकंदांची कीर्ती पोचली.
कुणी या म्हणेना. तोच आत आला. म्हणाला, मास्तर, ज्ञानू, मागचं समदं सोडा. आज ऱ्हावलं न्हाय. माझी हीर चार वर्सं कोरडी ठनठनीत, भर वैशाखात तिला पाझर फुटलाय. दोन परस खोल पानी हाय आन चढतंयच. उद्या जलपूजन ठेवलंय. गावात येवढा शिकल्याला मानूस दुसरा न्हाय, नारळ मास्तरांच्या हातनं फुटला पायजे.
ज्ञानेशच्या हातातली पिन थांबली. त्याने हळूच विचारलं, कोणत्या अंगानं आलाय पाझर?
गेणबा म्हणाला, वरच्याच की. तुमच्या तळ्याकडनं. आखितीच्या सांजंपासनं. देवाची करनी, दुसरं काय?
हिने चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, देवाची न्हाय भाऊजी, ह्यांची. टिकाव बी गोठ्यातच हाय.
ज्ञानेशने माझ्याकडे पाहिलं. मग अर्जाखालच्या माझ्या सहीकडे. मग परत माझ्याकडे.
मी सगळं सांगणारच होतो. पण गेणबाला कशाचाच पत्ता नव्हता. त्याने आनंदाने पुडा फोडला, मास्तर, आ करा म्हणाला, आणि तोंडात आख्खा पेढा कोंबला. त्यामुळे मला खुलासा करता आला नाही.