बसून मिळणाऱ्या पैशांबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी, देविका संग्राम कडलग, वय एकाहत्तर, मूळ गाव संगमनेर, सध्या राहणार विकास नगर, लखनऊ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम तीन वाचल्यावर माझे दीर सुधीर कडलग शंका काढणार हे मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. प्रयत्न झाले, पण ते चहाबरोबर झाले.

कलम १. हे दोन खोल्यांचे घर माझे पती सुभेदार संग्राम कडलग यांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर घेतले. त्याआधी आम्ही तेलीबागेत भाड्याने राहत होतो. निवृत्तीनंतर त्यांनी टोमॅटो लावले आणि रेडिओ ऐकला. ते गेल्यावर त्यांची पेन्शन मला येऊ लागली. म्हणजे या घराचा बराचसा संसार बसून मिळालेल्या पैशांवर चालला, आणि त्यावरून आम्हाला कधी कोणी बोल लावला नाही.

हे घर माझा मुलगा निरंजन याला द्यावे. ‘तो नोकरीला लागल्यासच’ असे शब्द इथे घालावेत, असे सुधीरभाऊजींनी सुचवले होते. ते घातलेले नाहीत.

कलम २. निरंजन इस्पितळांतली यंत्रे दुरुस्त करत असे. त्याच्या कंपनीने इथले ऑफिस बंद केले, तेव्हापासून मी त्याला दरमहा खर्चाला देते. भाऊजी त्याला बेरोजगारी भत्ता म्हणतात. इथे खुलासा हवा. आमच्या संगमनेरकडे भत्ता म्हणजे मुरमुरे, शेव, कांदा आणि तळलेली मिरची. वकील चतुर्वेदी यांना हा घोळ कळेना, तेव्हा त्यांच्यापुढे वाटीच ठेवली. भाऊजी रोज संध्याकाळी येऊन हा भत्ता खातात आणि त्या भत्त्याने माणूस कसा आळशी होतो ते सांगतात.

“वहिनी, बसल्या जागी मिळायला लागलं की कोण उठतंय?”

“तुम्ही बसा भाऊजी, आणखी कांदा घालते.”

ते अनुभवाने बोलतात, हे मान्य करायला हवे. पन्नाशीत भरघोस रक्कम पदरात पाडून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर ते पगाराच्या कामाकडे फिरकलेले नाहीत.

त्यांच्या सांगण्यावरून मध्यंतरी मी निरंजनचे पैसे बंद करून पाहिले. उपाय लागू पडला. पुढच्याच आठवड्यात त्याने मिळेल ती नोकरी धरली, विमा विकण्याची. पहिली पॉलिसी भाऊजींनी घेतली, दुसरीही त्यांनाच घ्यावी लागली. तिसरीच्या वेळी ते स्वतः माझ्याकडे आले. “वहिनी, याला थोडे दिवस घरीच बसवा.” मी पैसे पुन्हा सुरू केले.

निरंजन सकाळी उशिरा उठतो, हे खरे आहे. कानपूरहून बोलावणे आले तेव्हा पगार कमी म्हणून तो गेला नाही, हेही खरे आहे. एकदा मी त्याला म्हणाले, “अरे, काका काय म्हणतात ऐकतोस ना?”

“काका को छोड़ो ना, आई. तुला काय वाटतं?”

तेव्हा मी पोळ्या लाटत राहिले. उत्तर आता देते. माझ्या बँकेतील मुदत ठेवींचे व्याज निरंजनला तीन वर्षे मिळावे. उद्या नोकरी लागली तरी ते बंद करू नये. काम मिळाले म्हणून कोणाला दंड बसू नये. तो काम करील असे मला वाटते. खात्री नाही.

कलम ३. पोस्टातील ठेवीचे व्याज सुधीरभाऊजींना, निरंजनइतकेच आणि तितकीच वर्षे, विनाअट. ते इथल्या मराठी मंडळाचे कैक वर्षे चिटणीस आहेत. गणपतीत आरतीपेक्षा त्यांचे प्रास्ताविक लांबते. बसून मिळालेल्या पैशाने माणूस काम सोडतो हे खरे निघाले, तर मंडळ सुटेल. खोटे निघाले, तर निरंजन सुटेल.

कलम ४. लखनवी चिकनकारीच्या साड्या पुतणी स्वरदाला. त्यांतली अमीनाबादची पिस्ता रंगाची तिने माझ्या दिवसकार्याला नेसली तरी चालेल. मुरमुरे भाजायची कढई जाऊबाई लताला. तिने ती भाऊजींच्या हातात द्यावी.

सहीपूर्वीची नोंद. वरील मजकूर आज सर्वांसमोर वाचला. दुसरे साक्षीदार म्हणून सुधीरभाऊजींचे नाव मी आधीच लिहून ठेवले होते. चतुर्वेदी म्हणाले, “जिनको कुछ मिल रहा है, वो गवाह न बनें तो अच्छा। बाद में उनके हिस्से पर झगड़ा हो सकता है।”

भाऊजींनी पेन उघडले होते. “कितने साल का लिखा है, वकील साहब?”

“तीन।”

त्यांनी पेनाला टोपण लावले. “वहिनी, सहीला काय, कोणीही चालतं.”

तेव्हा कलम तीनचा निकाल माझ्या हयातीतच लागला. पैसे मिळणार म्हटल्यावर एक माणूस हातातले काम टाकून बाजूला झाला. भाऊजींचे म्हणणे बरोबर ठरले. त्यामुळे ते बिघडले मात्र नाहीत, जसे होते तसेच आहेत. म्हणून कलम दोन मी एका अक्षरानेही बदलत नाही.

लिहून देणार: देविका संग्राम कडलग
साक्षीदार १: हणमंत शेळके, शेजारी, वायुसेनेतून निवृत्त
साक्षीदार २: ~~सुधीर कडलग~~ जुई बर्वे, वरच्या मजल्यावरील भाडेकरू
लखनऊ, ९ फेब्रुवारी २०२५