पाच शब्दांची परीक्षा

१९ मे
बटाट्याचं सारण भरून पिरोगी करायला घेतली तर माझ्या स्वयंपाकघरात शाळाच भरली! माझा नवरा ओरेस्ट मास्तर; आणि तो कोच असलेल्या फुटबॉल संघाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, एमेट विद्यार्थी. सीझनआधी डॉक्टर पोरांची डोक्याची परीक्षा घेतात — पाच शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. पुढे मैदानात डोक्याला मार बसला की पुन्हा परीक्षा. गुण घसरले की खेळ बंद.

"म्हणून आत्ताच माती खायची, गाढवा!" ओरेस्ट म्हणाला. "आधीच कमी गुण असले की घसरणार कुठून? मी इतकी वर्षं खेळलो ते काय उगाच?"

मग स्वतःच नाटक करून दाखवलं. मी शब्द दिले — लोणी, घोडा, शिडी, बर्फ, टोपी. त्याला दोनच आठवले! तोंड असं काही वेडंवाकडं केलं की हसता हसता माझं पीठ सांडलं. एमेट हसला नाही. घाबरट आहे पोरगा.

२ जुलै
जिंकलो. स्टेडियमबाहेरच्या ओरेस्टच्या पुतळ्याला लोकांनी बिअरची आंघोळ घातली.

८ सप्टेंबर
शेवटच्या सत्रात ओरेस्टने वाऱ्याविरुद्धची बाजू घ्यायला लावली. ओरेस्टने! वाऱ्याच्या जोरावर ज्याने दोनदा कप आणला, त्याने! हरलो. मागे कोणी बाई ओरडली, "म्हाताऱ्याला चळ लागला की काय?" घरी विचारलं तर माझ्यावरच खेकसला.

२५ ऑक्टोबर
एमेटचं डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं. उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला! लोक हसले.

२७ ऑक्टोबर
एमेट पास. गुण मे महिन्याइतकेच — कसे नसतील, तेव्हा मुद्दाम चुकला होता! रविवारी खेळणार. रात्री जेवायला आला, पण दिव्याकडे बघवेना त्याला. ताट तसंच ठेवलं. "काही नाही हो काकू, झोप झाली नाही."

२९ ऑक्टोबर
शेवटी मी तोंड उघडलं. "ओरेस्ट, डॉक्टरांना खरं सांग. लबाडी तू शिकवलीस. पुन्हा मार बसला तर जीव जाईल त्याचा."

"मी? मी कधी शिकवलं?"

"याच टेबलावर! लोणी, घोडा, शिडी —"

"लॉर्ना, काय बोलतेयस तू?"

माझा तोल गेला. कोडगा म्हटलं, भित्रा म्हटलं, नाही नाही ते बोलले. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर
एमेटच्या खोलीवर गेले. म्हटलं, "मग तूच सांग." रडायला लागला.

"कोणी शिकवलं ते विचारतील, काकू. मग कोचनाही परीक्षेला बसवतील. माझ्यासाठी त्यांनी एवढं केलंय..." डोळे पुसले. "त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात ते नाटक करत नव्हते."

३१ ऑक्टोबर
उद्या मॅच. ओरेस्ट दारातला बर्फ ओढतोय, टोपी न घालता. तो खिडकीतून दिसत असतानाच डॉक्टरांना फोन लावला. एमेटचं नाव सांगितलं. मग ओरेस्टचंही.