सहीवाला शेवट

शनिवार, दिवाळीच्या तोंडावर. सानगडी

डोकं नुसतं भणभणतंय. दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत व्हायचं नाटक मी लिहिलेलं, आणि शेवट ठरवणार दिग्दर्शक! बहीण बापाच्या जमिनीत, धानाच्या बांध्यांत हिस्सा मागते, भाऊ हक्कसोडीचा कागद पुढे करतो, तीन अंक भांडण चालतं. शेवटी ती सही न करताच उठते. एवढंच माझं नाटक.

दिग्दर्शक म्हणतात, "मॅडम, भांडण राहू द्या जसंच्या तसं. फक्त शेवटी सही कराले लावा तिले. भाऊ गळ्यात पडते, बायका रडतीन. तुमचं काय जाते?"

काय जातं म्हणे! भांडण कोणीही लिहील. ते मिटतं कसं, त्यावरूनच कळतं ना लिहिणारीला काय म्हणायचं होतं? तिनं सही केली की तेच तीन अंक उलटं बोलायला लागतात. हिस्सा मागणारी वाईट, सोडणारी गुणाची. हे सांगायला बसले होते का मी?

तरी वाटलं, द्यावा बदलून. मंडई जवळ आली, कोण वाद घालत बसेल...

तेवढ्यात अड्याळहून धाकट्या भावाचा फोन; नाटकाची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली. "बाई, नाटक पाहाले आम्ही सारेच येऊन राहिलो. बहीण करते ना सही शेवटी?"

आमच्या बाबांच्या बांध्यांची हक्कसोडही त्यानं तयार ठेवली आहे. भाऊबीजेला आणणार आहे.

"नाही करत," मी म्हटलं.

त्यानं फोनच ठेवून दिला. नुसतं नाटकाचंच विचारत होता, तर एवढा राग कशाला आला?