आंदणातली राही

वळ, रविवार

प्रिय निशा,

बाळाची नखं कापलीस का? झोपेत काप, जागेपणी मूठ सोडत नाहीत. तुझी नखं राहीबाईच कापायची. माझा हात थरथरायचा.

काल फोनवर म्हणालीस, "आई, रीमाला पाठव ना टेमघरला, बाळाला सांभाळायला, वर्षभरासाठी. राहीबाईची नात म्हणजे आपलीच की." घरच्यासारखी ठेवीन, असंही म्हणालीस. ठेवशील, मला माहीत आहे.

माझ्या लग्नात खारबावच्या मांडवात आंदणाची भांडी मांडली होती, प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. घंगाळ, हंडे, परात, आणि शेवटी नवं परकर-पोलकं घातलेली अकरा वर्षांची राही. तुझे आजोबा व्याह्यांना म्हणाले, "ही पण पोरीबरोबर." सगळ्यांनी माना डोलावल्या. राहीचा बाप आमच्याच शेतावर राबायचा, तो खाली बघत उभा होता. मी कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, गुलामगिरीवरच्या निबंधाला बक्षीस मिळवलेली. त्या दिवशी मी फक्त परातीला पोचा तर नाही ना, एवढंच पाहिलं.

तिला आपण कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. किती वर्षं मी याच समाधानात होते. पण ते हंडेही मी चिंच लावून जपलेच. तिचं लग्नसुद्धा आपणच ठरवलं, इथेच राहील असा नवरा बघून. माणूस कुणी कुणाला द्यावं कसं, आणि आपण ते घेतलं कसं? आपण मायेने वागलो म्हणून हे मिटत नाही, निशा.

काल फोन ठेवून मी राहीबाईला विचारलं. भाजी निवडत ती म्हणाली, "मला कशाला इचारता ताई? तिला इचारा. मला कोनी इचारलं व्हतं?"

रीमा तिथेच मागच्या पडवीत बारावीचा अभ्यास करत होती. मी तिला विचारलं. "नको," म्हणाली आणि पान उलटलं. राहीबाईचा हात भाजीवर थांबला. पंचेचाळीस वर्षांत तिच्या माणसांपैकी कुणी आपल्याला नको म्हटलेलं आम्ही दोघींनी पहिल्यांदाच ऐकलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी विरघळून पुन्हा रीमापुढे जाऊन उभी राहिले असते. म्हणून पत्र. येत्या गुरुवारी मीच येते, पिशवी भरून ठेवली आहे. नखं कापली नसलीस तर राहू दे. या वेळी मी कापीन.

तुझीच,
आई